पत्त्यातला देश

नववीत मला इतिहासात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले, ते एका उत्तरामुळे. एकाहत्तरच्या युद्धाची कारणे आणि परिणाम. पाच कारणे, पाच परिणाम, सगळं इंग्रजीत, प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. परिणामांमध्ये निर्वासितांचा मुद्दा तिसरा होता. त्या मुद्द्यातली एक बाई दर गुरुवारी आमच्या दारात मासे घेऊन बसायची. पण असलं काही उत्तरात लिहायचं नसतं.

आम्ही तेव्हा चामोर्शीला राहायचो. बाबा बदलीवर आलेले. मी रोज एसटीने गडचिरोलीच्या इंग्रजी शाळेत जायचे, म्हणून गल्लीतला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे यायचा. कुणाचा नोकरीचा अर्ज, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. लोकांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड व्हायची. लिहून देताना बोलावं लागत नाही, एवढ्यासाठी मी ते काम करत असे.

मासेवाली जवळच्या बंगाली वस्तीतली. युद्धाच्या वर्षी नवऱ्याबरोबर सीमा ओलांडून आली, छावण्यांमध्ये राहिली. युद्ध संपल्यावर तिच्या बरोबरचे बरेच लोक परत गेले. तिचा नवरा म्हणाला, आता परत जायचं नाही. मग त्यांना इकडे जंगल तोडून काढलेली जमीन मिळाली. तीस वर्षांत ती आमच्याकडचं बोलणं शिकली होती. आई तिच्याशी रोखठोक भाव करायची.

"कालचा मासा आजचा म्हणून विकून राह्यली का, बाई?"

"माश्यालेच विचारा, ताई. मी सांगीन तं तुम्ही मानत नाई."

मला ती 'मा' म्हणायची. त्यांच्यात लेकीबाळींना तसं म्हणतात.

एकदा, पोळा होऊन गेल्यावर, तिने टोपलीखालून एक पत्र काढलं. तिची धाकटी बहीण तिकडेच सासरी राहिली होती. मासेवालीचा नवरा होता तोवर तो पत्र लिहायचा. तो गेला आणि ते थांबलं. आता वस्तीतला एक जण तिकडे जाऊन आला होता. बहीण जिवंत आहे, खाटेवर आहे, तुझी आठवण काढते, असं त्याने सांगितलं. आतलं पत्र बंगालीत कुणीतरी लिहून दिलं होतं. वरचा पत्ता इंग्रजीत पाहिजे होता. त्यासाठी तिने छावणीतला जुना कागद आणला होता, चार घड्यांवर झिजलेला. गाव, ठाणं, जिल्हा, आणि शेवटी पूर्व पाकिस्तान.

मी पेन थांबवलं.

"नाव बदललं म्हणते, मले माहीत हाय," ती म्हणाली. "पण कागदावर हाय तसंच लिव, मा. एका अक्षरासाठी ऑफिसातून चारदा वापस आली हावो मी."

बांगलादेश असं मला लिहिता आलं असतं. निदान बोलता आलं असतं. पण मोठ्या माणसाला दुरुस्त करायचं म्हणजे मान वर करून दोन-तीन वाक्यं बोलावी लागतात. मी कागद जसाच्या तसा उतरवला. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्या घराचा दिला, कारण वस्तीत टपाल वेळेवर जात नसे.

पत्ता लिहिताना मी तिला विचारलं, ते युद्ध कशामुळे झालं?

"मले काय माहीत? धान लावून रोवणा झाला होता. पाणी चांगलं होतं त्या साली. दुसऱ्या दिवशी निघालो."

दिवाळीच्या आधी लिफाफा परत आला. देशाच्या नावाखाली लाल शाईने दोनदा रेघ ओढलेली होती. घरी कुणी नव्हतं. मी तो इतिहासाच्या पुस्तकाच्या खाकी कव्हरमध्ये सरकवला. नवा पत्ता लिहायला पाच मिनिटं लागली असती. पण मग आईने विचारलं असतं, तुला माहीत नव्हतं का? बाबा तर माझे मार्क येईल त्याला सांगत होते.

"आलं का, मा?" ती दर गुरुवारी विचारायची.

"नाही, मावशी."

खोटं नव्हतं. उत्तर खरंच आलं नव्हतं. असं मी स्वतःला किती गुरुवार समजावलं, आठवत नाही.

संक्रांतीच्या सुमारास एसटीत ते कव्हर फाटलं आणि लिफाफा माझ्या मांडीवर पडला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नवा लिफाफा घेतला, बांगलादेश लिहिलं, आतलं पत्र तेच ठेवलं आणि टपालपेटीत टाकला.

महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा संपल्यावर उत्तर आलं. बंगालीत होतं, मला वाचता येणार नव्हतं. मी ते बंदच तिच्या हातात दिलं. तिने ते कपाळाला लावलं आणि टोपली अर्धी भरलेली असताना उठून गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या आली. आई भांडं आणायला आत गेली होती.

"भाच्यानं लिवलं," ती मासा साफ करत म्हणाली. "पौषात गेली ती. आपलं पत्र मागून पोचलं. एवढं दूर हाय, वेळ लागतेच."

मी आत जाऊन जुना लिफाफा आणला. फेकवला नव्हता मला. तिने ओले हात न लावता, पदराने धरून तो पाहिला.

"परत आला होता," मी म्हणाले. "मी दुसरा टाकला. उशिरा."

"कवा आलता वापस?"

"दिवाळीच्या आधी."

दिवाळी आणि पौष यांच्यात किती दिवस असतात, ते तिने मोजलं असेल. आई आली तेव्हा ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ताई, भांडं खाली ठेवा, पाणी गळते."

ती मला कधीच काही बोलली नाही. आमची बदली होईपर्यंत दर गुरुवारी येत राहिली. उन्हाळ्यात तिने भाच्याला पत्र पाठवलं. त्याचा पत्ता समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने लिहिला. मी खिडकीतून पाहत होते. ती त्याला तो झिजलेला कागद दाखवत होती, आणि तो शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, मान हलवत तिच्याशी बराच वेळ बोलत होता.