‘सब ठीक’वर न थांबणाऱ्या सुमनताई

नवा काळा कोट घालून मी इतवाऱ्यातल्या आमच्या सरांच्या ऑफिसचा जिना पहिल्यांदा चढलो, तेव्हा सुमनताईंनी माझ्याकडे न बघताच माझ्या हातातला मसुदा काढून घेतला. वाचला आणि विचारलं, “वकीलसाहेब, या बाईंच्या घरी जाऊन आलात?” मी नाही म्हणालो. “मग हे तुम्ही कोणाबद्दल लिहिलंय?” आमच्या बारा वर्षांच्या स्नेहाची सुरुवात अशी माझ्या फजितीने झाली.

ताई मुन्शी, म्हणजे वकिलाच्या मदतनीस. दाखले आणायचे, कागद जमवायचे, पक्षकाराची हकीकत लिहून घ्यायची. आमच्याकडे बहुतेक दावे अपघातात जखमी झालेल्यांचे. ताई बी.कॉम. पहिल्या वर्गात उत्तीर्ण. शाळेतली नोकरी चालून आली होती. ती सोडून त्या कोर्टाच्या आवारात का आल्या, हे कोडं त्यांच्या नातेवाइकांना अजून सुटलेलं नाही. मला त्यांनी त्याचं उत्तर एकदा सांगितलं.

त्यांचे वडील, अण्णा, चांदनी गावाकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरत. मागे घेतल्या जाणाऱ्या एका ट्रकने त्यांचा गुडघा चिरडला. प्रकरण कोर्टात गेलं. आमच्याकडे कोर्ट हिंदीत चालतं; साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांनी आस्थेने विचारलं, “अब कैसे हो?” अण्णांनी हात जोडले. “सब ठीक है साहब, आपकी कृपा.” मोठ्या माणसाने विचारपूस केली की रडगाणं गायचं नाही, ही आपल्याकडची रीत. अण्णा रीतीला जागले आणि दावा गमावून बसले. अर्जदार स्वतःच ठीक असल्याचं सांगतो, असं निकालात आलं. त्यानंतर अण्णांना घड कधीच खांद्यावर घेता आला नाही.

“अण्णा खोटं बोलले नव्हते हो,” ताई म्हणाल्या. “त्यांना कोणी नीट विचारलंच नव्हतं. म्हटलं, आता मी विचारीन.”

म्हणून ताई जखमी माणसाला ‘कसे आहात’ असं कधी विचारत नाहीत. सकाळच्या धांदलीत त्याच्या घरी जाऊन बसतात. शर्टाची बटणं कोणी लावली, बादली कोणी उचलली, हे बघतात आणि तेवढंच लिहितात. ऑफिसात बसून लिहिलेला अर्ज ऑफिससारखाच निर्जीव होतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सरांनाही त्या हे तोंडावर सांगत.

माझा तो फसलेला मसुदा सिंधीपुऱ्यातल्या कमलबाईंचा होता. यंत्रमागावर त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि मी शहाण्याने सगळं दोन ओळींत आटोपलं होतं. ताई मला तीन दिवस रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दोन ओळींची तीन पानं झाली.

उलटतपासणीत कारखानदाराच्या वकिलांनी मधाळ आवाजात विचारलं, “बहनजी, अब तो सब ठीक है ना?” कमलबाईंचे हात आपोआप जुळले. “हाँ साहब, ठीक...” त्यांच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या एका शब्दावर सगळं बुडणार होतं. ताई मागच्या बाकावर होत्या. साक्षीदाराला खूण करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, त्यांनी मान खाली घातली.

कमलबाई आपल्याच जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ठीक मतलब साहब, जिंदा हूँ. पण भाकर थापते नी आती. पोरी की वेणी शेजारीण घालती है. टूटा धागा जोडते नी आता, तो लूम पर क्या देखने को बैठूँ?”

न्यायाधीश म्हणाले, “धीरे बोलो, लिखने दो.” आम्ही जिंकलो, आणि निकालात भाकर, वेणी आणि धागा तिन्ही आले! मी आवारात ओरडलोच. ताई डोळे पुसत म्हणाल्या, “आज अण्णा हवे होते.” आता कमलबाईच जखमी कामगारांना हाताला धरून ताईंकडे आणतात आणि दारातच बजावतात, “यहाँ ठीक है नी बोलना.”

माझं मनगट मोडलं, तेव्हा मीही ऐटीत ‘ठीक आहे’ म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात हजर! पुढचा दीड महिना माझ्या गळ्यातला वकिली पांढरा बँड त्यांनीच बांधला आणि रोज एक टोमणाही मारला.

यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. मध्यंतरी त्या जिन्यात थांबताना दिसल्या. तब्येत विचारली, तर उत्तर आलं, “ठीक आहे.” मी त्यांचाच चेला. सकाळी न सांगता घरी गेलो, तर ताई भिंत धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्याच आठवड्यात आम्ही ऑफिस तळमजल्यावर आणलं. त्या भरपूर रागावल्या आणि मग आपलं टेबल खिडकीशी लावून घेतलं.

ताई, तुम्हांला दीर्घ आयुष्य लाभो, तुमचे गुडघे तुमच्या जिभेइतकेच खणखणीत राहोत. पुढची कित्येक वर्षं आम्ही तुम्हांला ‘कशा आहात’ विचारू. तुम्ही ‘ठीक आहे’च म्हणाल. ते खरं असो. आम्ही मात्र सकाळी येऊन बघणारच.