उशाखालचा निळा हिरा

साखरपुड्याच्या अंगठीत पांढराच हिरा असला पाहिजे, हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. मला निळा आवडला. हिंजवडीच्या ऑफिसात दिवसभर राखाडी कप्प्यात बसायचे. हातावर एवढा तरी रंग असावा असं वाटलं. लक्ष्मी रोडवरच्या आमच्या ओळखीच्या सराफांनी तो चिमट्यात धरून माझ्या बोटांच्या बेचक्यात ठेवला.

"मूळचा निळा नाही हं, रंग दिलेला आहे," ते म्हणाले. "म्हणून तुमच्याआमच्या आवाक्यात. पण हिरा अस्सल."

माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "निळा म्हणजे शनी."

"अहो, शनीचा तो नीलम. हिऱ्याचा ग्रह शुक्र."

"शनी रंग बघणार की तुमची पावती?"

नीलम घेण्याआधी तो काही रात्री उशाखाली ठेवून बघतात. लाभला तर ठेवायचा, नाही तर परत. ही रीत मला ठाऊक होती, हिऱ्याला लावलेली मात्र पहिल्यांदाच पाहत होते. त्यातून अंगठी घालणार मी आणि उशी सासूबाईंच्या मुलाची. घरात येणारी वस्तू आधी घरच्या माणसाला लाभायला हवी, असं त्यांचं म्हणणं. यंत्रात घालून निळा केलेल्या दगडावर शनी नेमका कधी येऊन बसला, हे मला विचारायचं होतं. बाबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं आणि ते सासूबाईंना म्हणाले, "आपण म्हणाल तसं." स्थळ ठरल्यापासून मुलीचे वडील म्हणून त्यांनी हे वाक्य तोंडपाठ केलं होतं. दर वेळी ऐकून मला शिसारी यायची.

पैसे भरून, नाही लाभला तर परत या बोलीवर दगड त्यांच्या घरी गेला. कच्च्या दुधात बुडवून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सासूबाईंनी तो मुलाच्या हवाली केला.

काही दिवसांनी आम्ही दोघं त्याच्या ऑफिसबाहेर चहाला भेटलो. बोलता बोलता त्याने लॅपटॉपच्या बॅगेत हात घातला आणि ती पुरचुंडी बाहेर काढली. "हा बघ तुझा शनी. पहिल्या दिवसापासून इथेच आहे. आई विचारते, मी सांगतो, ठेवलाय उशाखाली."

फडक्याला आंबलेल्या दुधाचा वास मारत होता आणि वर बिस्किटांचा चुरा चिकटला होता. मी नाक धरलं आणि हसले. हा आपल्या बाजूचा आहे, असं वाटलं मला.

मग त्याचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला. संध्याकाळीच सासूबाईंचा बाबांना फोन. दगड लाभला नाही, उद्या दुकानात बदलून घेऊ म्हणाल्या. तुमच्या मुलीला ही निळी बुद्धी कुठून सुचली, असंही विचारलं. बाबा म्हणाले, "चुकलंच तिचं." मी समोरच बसले होते. मी त्याला फोन केला आणि एवढंच म्हटलं, की आईला खरं सांग. उद्या दुकानात सांगतो, म्हणाला. मला त्याच्याकडून तेवढं एक वाक्य हवं होतं. उरलेला जन्म या माणसाच्या घरात काढायचा होता.

दुकानात सासूबाईंनी पुरचुंडी काचेवर ठेवली आणि पांढरे हिरे मागवले. मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो ट्रेकडे पाहत होता.

"सांग ना," मी म्हटलं.

"जाऊ दे ना. पांढरा घे. काय फरक पडतो?"

मग मीच सांगितलं. काकू, हा दगड उशाखाली गेलाच नव्हता, यांच्या बॅगेत होता. सासूबाईंनी मुलाकडे वळून विचारलं, "खरं का रे?"

"नाही गं आई. उशाखालीच होता."

तेवढ्यात सराफांनी पुरचुंडी सोडली. मखमलीवर चुरा सांडला आणि तो आंबट वास सगळ्यांच्या नाकात गेला. सराफ मुकाट्याने ब्रशने चुरा झाडू लागले.

"उशाशी बिस्किटं खायची सवयच आहे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून."

तो मान डोलावत होता. नोकरीला लागलेला, टाय लावलेला घोडा. मला त्याची इतकी किळस आली, की त्याच्या शेजारची खुर्ची सोडून मी उठून उभी राहिले.

सासूबाई बाबांकडे वळल्या. "तुम्हीच सांगा हिला. पांढरा बघू ना?"

बाबांचं ते वाक्य येणार म्हणून मी दात आवळून धरले. बाबांनी आपली पिशवी उचलली. "येतो आम्ही," ते म्हणाले.

मी स्कूटरवर बाबांच्या मागे बसले. कोथरूडचं वळण आलं आणि गेलं.

"बाबा, घर मागे राहिलं."

"आधी कर्वेनगरला जाऊ," ते म्हणाले. "साखरपुड्याचा हॉल रद्द करून येऊ."