कपाटातल्या तीन बंदुका

सुट्टीवर गावी जाताना घरात भरलेलं काही ठेवायचं नाही, ही मस्कतला आल्यापासूनची माझी शिस्त. गॅसचा रेग्युलेटर काढायचा, टाकीतलं पाणी सोडायचं, गाडीच्या बॅटरीची वायर सोडवायची. इथल्या उन्हाचा भरवसा नाही. त्या वर्षी मी माझ्या दोन्ही हवेच्या बंदुकांतली हवाही सोडून दिली.

मस्कतबाहेर बरक्याजवळ आमच्या अर्बाबाच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, कोंबड्यांच्या शेड आहेत. तिथे खाद्यावर पडणारे कावळे आणि साळुंक्या मारायचं काम मी आणि माझा भागीदार करायचो. तो शेजारच्या गावचा, त्याला इथे मीच आणला. परवाना अर्बाबाचा, बंदुका आमच्या, शेडवरच्या लोखंडी कपाटाची किल्ली माझी. उन्हाळ्यात शेड रिकाम्या असतात, तेव्हाच आम्ही सुट्टीवर जातो. त्याआधीच हा मला न सांगता अर्बाबाकडे जाऊन सगळं काम एकट्याला मागून आला. कडाक्याचं भांडण झालं. त्याची बंदूक कपाटातच राहिली. किल्ली मी दिली नाही आणि त्याच्या वस्तूला हातही लावला नाही.

परत आलो तर अर्बाबाचा निरोप हजर: उद्या दोघांनी नेम दाखवा, बरा असेल त्याला काम. माझं मस्कतच्या माबेल्यातलं घर या एका कामावर चालत होतं.

संध्याकाळी कपाट उघडलं. पाणबुडे वापरतात तसलं माझं सिलिंडर लावून दोन्ही बंदुका भरल्या. नळी काढताच फुसफुस सुरू झाली. पुन्हा भरल्या, पुन्हा तेच. दाबाचा काटा डोळ्यांदेखत शून्यावर आला. त्याच्या बंदुकीचा काटा मात्र अख्खा उन्हाळा त्या तापल्या कपाटात काढूनही हिरव्या पट्ट्यातच होता.

सकाळी तो आला. "माझी बंदूक काढ."

"नेम झाल्यावर."

"तुझ्या दोन आहेत ना?" त्याने वाकून काटे पाहिले आणि हसला. "हवा सोडून गेलास? अरे, थोडी आत ठेवायची असते. तिच्या दाबाने आतला रबरी वायसर जागेवर बसून राहतो. तुझे वाळून तडकले."

"तुला माहीत होतं?"

"तू विचारलंस कधी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात अर्बाब ओरडला, "यल्ला! पहले कौन?"

मी त्याचीच बंदूक उचलली.

"अर्बाब, ये मेरा है!" भागीदार ओरडला.

"तेरा बाद में. मारो."

शेडच्या टोकाला टांगलेला डबा मी पहिल्या गोळीत उडवला. मग त्याने बंदूक हिसकावली आणि त्यानेही उडवला. अर्बाब खो-खो हसला. "एक बंदूक, दो आदमी! तुम फैसला करो, खलास." आणि तो चहाला गेला.

आम्ही दोघेच उरलो. त्याची बंदूक चालत होती, पण भरायचं सिलिंडर माझं होतं.

"सकाळ तुझी, संध्याकाळ माझी," मी म्हणालो.

"चालेल. किल्ली माझ्याकडे."

"किल्ली सोडून बोल."

"मग भर तुझ्या बंदुका."

माझ्या दोन्ही बंदुकांचे काटे शून्यावरच होते. मी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर आपटली.

वायसर मी नंतर बदलून घेतले. आता सुट्टीवर जाताना थोडी हवा आत ठेवतो. किल्ली अजून त्याच्याकडेच आहे आणि मी त्याच्याशी कामापुरतं बोलतो. त्याला माहीत होतं, आणि त्याने सांगितलं नाही.