नंबर त्रेसष्ट

हजेरीपट बासष्टावर संपायचा आणि बबडीचा नंबर होता त्रेसष्ट. सगळी भानगड इथेच होती.

तशी ती बावीस वर्षांची घोडी, पण घरात अजून बबडीच. दीड वर्षापूर्वी, दुसऱ्या वर्षाच्या ऐन मध्यात, ती विद्यापीठातून घरी आली आणि तिने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसतं रडू आणि भिंतीकडे तोंड. काका म्हणाले, "नाटकं आहेत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल." आईने डॉक्टरीणबाईंचं ऐकलं म्हणून पोरगी उठली. काकांच्या शहाणपणावर विसंबली असती तर काय झालं असतं, देव जाणे.

परत नाव घालायला गेली तेव्हा कारकुनाने सांगितलं, मध्येच सोडून परत येणाऱ्याला वर्गातला शेवटचा नंबर. "त्रेसष्ट. लक्षात ठेव." त्याने तो आपल्या वहीत पेनने लिहून घेतला. सरांकडे छापील यादी मात्र आधीच गेली होती, आणि ती दुरुस्त करणं हे ज्याला त्याला दुसऱ्याचं काम वाटलं.

पहिल्याच तासाला सर "एकसष्ट, बासष्ट" म्हणाले. बबडीने श्वास घेतला, 'हजर' ओठांवर आणलं, आणि सरांनी फटकन हजेरीपट मिटला. उठून सांगायचं ना सरळ! आपण म्हणू, सांगायला काय जातं? पण बासष्ट माना एकदम वळतील, कुणीतरी विचारेल, 'इतके दिवस होतीस कुठे?' या धास्तीने तिच्या तोंडून शब्द फुटेना. उद्या सांगू, म्हणाली. त्या उद्याला सात आठवडे झाले.

तिच्या बरोबरीची पोरं केव्हाच पुढे गेली होती. ही सगळी लहान, घोळक्याने येणारी, घोळक्याने जाणारी. तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. बंद खोलीत तिचा जीव घुसमटायचा, म्हणून शेवटच्या बाकावर बसण्याआधी ती शेजारची गंजलेली खिडकी दोन्ही हातांनी ढकलायची. कर्र करून ती उघडायची, आणि मग दिवसभर बबडीच्या तोंडून चकार शब्द नाही. कँटीनमध्ये चहा घेताना ती मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायची, आपल्यालाही कुणाचा तरी मेसेज आलाय असं दाखवायला. फार एकटं वाटायचं तिला. इतकं, की कँटीनवाल्याने एकदा "साखर कमी ना?" विचारलं, तर तिला भरून आलं.

संध्याकाळी आईचा फोन ठरलेला. "गेलीस?" "गेले." "कुणी भेटलं?"

पहिल्याच आठवड्यात तिने थाप मारली, "हो, एक मैत्रीण झालीय." झालं! मग त्या मैत्रिणीचं रोज काहीतरी व्हावं लागलं. तिला सर्दी झाली, तिच्या बहिणीचं लग्न ठरलं, ती आपल्या डब्यातली भाजी हिला देऊ लागली. तिकडे आई खूश.

आठव्या आठवड्यात परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी लागली. बबडीच्या नावापुढे हजेरी शून्य.

"रोज येत होतीस? मग सांगायचं नाही का कुणाला, नंबर पुकारत नाहीत म्हणून?" कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता तो. त्याने एक अर्ज पुढे सरकवला. "वर्गातल्या दोघांच्या सह्या आण, रोज येत होतीस म्हणून. उद्या दुपारी दोनपर्यंत. नाहीतर हेही वर्ष गेलं समज."

संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढंच ना? तुझ्या मैत्रिणीची घे की सही!"

"आई, ती नाहीये."

"नाहीये म्हणजे? गावाला गेलीय?"

"कधी नव्हतीच."

मग आई म्हणाली, "मी येऊ का तिकडे?"

"नको."

"बरं. मग उद्या समोर दिसेल त्याला विचार. खाणार आहेत का तुला?"

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिली. चार घोळके गेले, तोंड उघडेना. एक वाजून गेला. शेवटी तिच्या पुढच्या बाकावर बसणारा मफलरवाला एकटाच आला. तिने डोळे मिटल्यासारखं करून विचारलं, "मी रोज वर्गात असते, हे तू लिहून देशील का?"

"न देऊन सांगतो कुणाला? अगं, तूच ना ती खिडकीवाली? सात आठवडे माझी मान धरलीय तुझ्यापायी! रोज म्हणतो, आज तरी ही दांडी मारेल. पण छे! एक दिवस चुकशील तर शपथ." आणि मागे वळून ओरडला, "ए, इकडे ये गं, खिडकी आलीय!"

त्याच्या बाकावरची मुलगी धावत आली. "आम्ही तुला खिडकीच म्हणतो. राग नको मानूस हं, नाव माहीत नव्हतं ना."

दोघांनी सह्या केल्या. मफलरवाल्याने खाली आपल्या मनाने एक ओळ लिहिली: 'रोज हजर असते. खात्रीने सांगतो, मला रोज वारा लागतो.' पावणेदोनला अर्ज कारकुनाच्या टेबलावर पडला. त्याने ती ओळ दोनदा वाचली, शिक्का मारला आणि सरांच्या यादीवर स्वतः जाऊन त्रेसष्टावं नाव घातलं.

"मिळाल्या सह्या?" संध्याकाळी आईने विचारलं.

"मिळाल्या."

"कुणाच्या गं?"

"पुढच्या बाकावरच्यांच्या. आई, मी त्यांना आवडत नाही बहुतेक," बबडी म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. "पण त्यांना माहीत होतं गं, मी आहे ते."