नुसता उभा राहणारा

देवबागला आमची फुटबॉलची मॅच ओहोटी बघून सुरू व्हायची, कारण चेंडू धावतो तो ओल्या वाळूवर. टीम म्हणजे आमची रापण. सकाळी जे काठावर उभे राहून जाळ्याचे दोर ओढायचे, तेच संध्याकाळी खेळायचे, आणि कोणी कुठे खेळायचं तेही रापणीवरूनच ठरलेलं. रापणीचा प्रमुख माझा चुलतभाऊ, सगळ्यांचा दादा. जाळं काठाशी आलं की कंबरभर पाण्यात उतरून त्याचा खालचा दोर पायाने वाळूत दाबून धरायचं काम माझं. नाहीतर मासे तळातून निसटतात. म्हणून फुटबॉलमध्येही दादाने मला मधोमध, बचाववाल्यांच्या पुढ्यात उभं केलं. "तू हंयच रव. फुडे जाव नको. मासो सुटाक नको." एवढंच माझं कोचिंग.

तर मी थांबलो. वर्षानुवर्षं. समोरचा पास कुठे देणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखायचं आणि आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. मग तो पास देतच नाही. आता न दिलेला पास कोणाला दिसणार, डोंबल! आमच्याकडे गोल मारणाऱ्याला नारळ द्यायची पद्धत. तो तिथेच फोडून वाटायचे. खोबरं मीही भरपूर खाल्लं, सगळं दुसऱ्यांच्या नारळाचं. पण नारळ नको होता मला. एकदा तरी कोणी म्हणावं, 'आज तू होतास म्हणून वाचलो.' बाकी काही नको. त्या एका वाक्यासाठी मी मॅच संपल्यावर उगाच रेंगाळायचो, आणि बाकीचे हसतखिदळत घरी निघून जायचे.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. दादाच्या टीव्हीवर परदेशी क्लबांची मॅच बघत होतो. कॉमेंटेटर मधल्या एका गड्याचं कौतुक करायला लागला: हा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, अख्खी टीम याच्या जिवावर खेळते. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे माझ्या कामाला नाव आहे! बाजूला बघितलं तर मंडळी चकल्यांवर तुटून पडलेली. "आयकलंस?" मी दादाला विचारलं.

"काय? गोल झालो?" दादा म्हणाला.

त्याच हंगामात मालवणच्या टीमशी दोन मॅच ठरल्या, पहिली आमच्या किनाऱ्यावर, दुसरी त्यांच्याकडे. नेमका पहिल्या मॅचला मला ताप भरला. घर किनाऱ्यालगतच, गोधडीत पडून सगळा ओरडा ऐकत होतो. आमच्यावर पाच गोल झाले. पाच! वाईट वाटायचं राहिलं बाजूला, मला तर उठून बसावंसं वाटलं. आता तरी कळलं असेल मेल्यांना. आईला म्हटलं, "आता येतीत बघ." तोंड धुतलं, केस विंचरले, शर्ट बदलला आणि दारापुढच्या खळ्यात जाऊन बसलो.

आले. दादा आणि त्याच्या मागे दोघे.

"ताप उतरलो काय रे?"

"उतरलो."

"गोलकीपर एकदम फुकट आपलो. पाच गोल खाल्ल्यान मेल्यान. तेका काढलंव." दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. "फुडच्या मॅचीक गोलात तू रव. नायतरी तू मधी नुसतो उभोच रवतस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, तापामुळे. "बरा," मी म्हटलं.

मालवणला मी गोलात उभा राहिलो. खांबांमध्ये उभं राहून समोर बघितलं तर मधली सगळी वाळू मोकळी. तिथे कोणाला ठेवायचं हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांचा एकजण चेंडू घेऊन सरळ तिथून आत शिरला.

"मधी कोणीतरी रवा रे!" मी जीव तोडून ओरडलो. आमचे सगळे पुढे होते, एकानेही मागे वळून बघितलं नाही. तो चेंडू घेऊन आरामात माझ्याकडे येत राहिला, आणि त्याला अडवायला मी तिथे नव्हतो.