घोंगडीची भिंत

“आज मेंढ्यांचं प्रेझेंटेशन आहे का?”

सर म्हणाले आणि स्क्रीनवरचा सगळा वर्ग हसला. वाऱ्यानं माझ्या पाठीमागची घोंगडी बाजूला उडाली होती. तिच्यामागं आमची मेंढरं. आणि मेंढरांत बादली घेऊन उभी असलेली माझी आई.

कोरोनात संभाजीनगरचं कॉलेज बंद झालं, होस्टेल रिकामं केलं. एमबीए फायनान्सचा वर्ग मोबाइलवर आला आणि मी सोयगावकडं, आईबापाच्या बिऱ्हाडावर. आम्ही धनगर. शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, रान बदललं की बिऱ्हाड हलवायचं. कॉलेजचा नियम होता, कॅमेरा चालू हवा, पाठीमागं कोरी भिंत हवी. भिंत कुठून आणू? बाभळीला दोरी बांधून बापाची काळी घोंगडी टांगली. झाली भिंत.

शेजारच्या चौकोनात सायली असायची. शहरातली. पांढरी भिंत, पुस्तकांचं कपाट आणि बंद होणारं दार. मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जळफळाट व्हायचा. लॅपटॉप एक वेळ मिळवता येईल. पण तिची आई दारावर टकटक करून विचारायची, “आत येऊ का?” ते कुठून मिळवायचं?

हसणं थांबल्यावर सायली गोड आवाजात म्हणाली, “अगं, घरात जाऊन बस ना.”

घरात.

सर म्हणाले, “जागा नीट करा. तुमचा नंबर शेवटी. नाहीतर प्रेझेंटेशनचे मार्क विसरा.” ते मार्क गेले की विषय गेला.

मी माझा माइक बंद केला. आईनं विचारलं, “काहून हसायलेत गं?”

“दुसऱ्या कुणाला तरी,” मी म्हणाले.

तिला कळलं. तिनं बादली खाली ठेवली. “मी मेंढरं लांब नेते. मंग मी बी दिसत नाय.”

आणि खरंच निघाली. पदर सावरत, मेंढरं हाकत. सायलीची आई विचारून आत येते. माझी आई लेकीच्या वर्गासाठी उघड्या रानातूनसुद्धा बाहेर निघाली होती. माझं डोकं फिरलं.

“आई, थांब. कुठं जायचं नाय.”

घोंगडी ओढून काढली. आई माझ्या पाठीमागं बाजेवर अवघडून बसली.

नंबर आला. सर म्हणाले, “अजून तिथंच?”

“सर, हेच माझं घर आहे. ही माझी आई. मी इथूनच बोलणार.”

कुणी हसलं नाही. कुणी कौतुकही केलं नाही. खेळत्या भांडवलावरचं सगळं बोलले, मेंढरं मधेमधे ओरडत राहिली. निकालात त्या विषयात नापास. पुढं पुन्हा दिला, सुटला.

हेवा मात्र अजून गेलेला नाही. आता नोकरीच्या मुलाखती ऑनलाइन देते, तेव्हा समोरच्याच्या पाठीमागचं दारच आधी दिसतं. तसलं दार मलाही हवंय आणि मी ते घेणार. पण कॅमेरा चालू असताना आई आत आली तर तिला बाहेर पाठवणार नाही. समोरचा हसला, तर आईचाच प्रश्न त्याला विचारणार. काहून हसायलेत? आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं एक अक्षर बोलणार नाही.