व्याह्याला हरवण्याचे धडे

शालूचे लग्न ठरले त्या वर्षी शेषराव मास्तर होणाऱ्या व्याह्यांशी बुद्धिबळाचे जेवढे डाव खेळले, तेवढे सगळे हरले, आणि त्याचे त्यांना अजिबात वाईट वाटले नाही. मुलीच्या बापाने मुलाच्या बापापुढे वाकून असावे, त्याचे पाय धुवावेत, तो जेवल्याशिवाय ताटावर बसू नये, ही पिढ्यांची रीत. त्या रीतीत एखादा डाव सोडून देणेही आलेच, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली होती. आपण डाव सोडला की आपला वजीर खरोखरच मेला, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

लग्न अठ्ठावन्न साली अकोल्याला झाले. दोन्ही घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळे लग्न नव्या पद्धतीने. पांढरी वस्त्रे, त्रिशरण, पंचशील. पाय धुणे नाही, मानपान नाही. मुलाचे वडील डोमाजी कचेरीत नाझर होते आणि चारचौघांत बोलायची त्यांना हौस होती. मांडवात उभे राहून ते म्हणाले, ‘‘आजपासून पोरीचा बाप खालता नाई अन् पोराचा बाप वरता नाई. दोघंबी एकाच सतरंजीवर.’’ टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात मास्तरांनी वाजवल्या.

संध्याकाळी त्याच सतरंजीवर डोमाजींनी पट मांडला आणि पाहुण्यांदेखत म्हणाले, ‘‘इवाई, लय दिवस माहं मन राखलं तुमी. आता मानपान संपला. आता खरं खेळा.’’

मास्तर पहिल्या डावापासून खरेच खेळत आले होते. हे त्यांना त्या क्षणी कळले, आणि पाऊण तासात पाहुण्यांनाही कळण्यासारखी वेळ आली. पण डोमाजी भला माणूस. मात देऊन म्हणाले, ‘‘अजूनबी लाजता काय?’’

समतेने सगळ्यांचे भले केले. मास्तरांची मात्र एकुलती एक सबब नेली. आता एक तरी डाव डोमाजींवर जिंकून दाखवणे भाग होते. नाहीतर जन्मभर ‘लाजता काय’ ऐकत बसावे लागणार, आणि ते लाजत नाहीत हे कोणाच्या लक्षात आले तर त्याहून वाईट.

नागपूरच्या एका साप्ताहिकात त्या सुमारास ‘पायरीपायरीने बुद्धिबळ’ असे धडे येऊ लागले होते. ते वाचून मास्तरांना आपले माणूस भेटल्यासारखे वाटले. अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना हेच तर शिकवले होते: पाठाच्या पायऱ्या पाडा, टाचण काढा, एकही पायरी गाळू नका. वर्गात ते बजावून सांगत, ‘‘पायरी चुकली की पोरगं चुकलं.’’ त्यांनी धडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि पत्नी इंदूबाईंना समोर बसवले. काळ्या सोंगट्या इंदूबाईंकडे. धडा म्हणेल ती सोंगटी त्यांनी सरकवायची.

‘‘हे प्यादं इथं काहून ठेवलं?’’ इंदूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले.

‘‘दुसरी पायरी आहे म्हणून.’’

‘‘अन् मी इकडून घोडा काढला तर?’’

‘‘नाही काढायचा. धड्यात नाही.’’

‘‘थे मले सांगता तुमी. तिकडं अकोल्याले कोण सांगन?’’

मास्तरांनी पुढची पायरी वाचली.

त्यांचा आवडता धडा सातवा. चार खेळ्यांत मात. राजापुढचे प्यादे दोन घरे. मग उंट बाहेर. मग वजीर तिरका नेऊन हत्तीच्या रांगेत. चौथ्या खेळीला वजिराने राजाशेजारचे प्यादे खाऊन मात. घरी हा धडा एकदाही फसला नाही. दिवाळीत शालूला आणायच्या निमित्ताने ते बडनेऱ्याहून पॅसेंजरमध्ये बसले, तेव्हा मूर्तिजापूर येईपर्यंत ओठांतल्या ओठांत चारही पायऱ्या घोकत होते. समोरच्या बाईला वाटले, मास्तर गाथा म्हणत आहेत. तिने हात जोडून खिडकीची जागा दिली.

अकोल्यात पहिल्याच पायरीला ठेच लागली.

‘‘दोन घरं?’’ डोमाजींनी मास्तरांचे प्यादे बोटाने मागे ढकलले. ‘‘आमच्या पटावर प्यादं एकच घर चालते, इवाई.’’

‘‘नव्या कायद्यात दोन आहेत. छापून आलं आहे.’’

‘‘छापून आलं म्हणता तर घ्या बापा. सोयरे आहा, एक घर जास्तीचं दिलं.’’ आणि त्यांनीही आपले प्यादे दोन घरे रेटले.

मास्तरांनी उंट काढला. इथे धड्यात काळ्याची खेळी दुसरीच होती. डोमाजींनी मात्र राजाकडचा घोडा काढला. मास्तरांनी घोडा पाहिला. पाहूनही तिसरी पायरी आठवली आणि वजीर तिरका नेऊन हत्तीच्या रांगेत ठेवला, बरोबर त्या घोड्याच्या तोंडी.

डोमाजींनी वाकून पटाचे चारही कोपरे पाहिले. त्यांना वाटले, यात काहीतरी डाव आहे. मग घोड्याने वजीर उचलला आणि हळूच म्हणाले, ‘‘हे काहून केलं, इवाई?’’

मास्तरांपाशी एकच उत्तर होते, आणि ते चार माणसांत सांगण्यासारखे नव्हते.

निघताना डोमाजींनी त्यांना बाजूला घेतले. फुकट वजीर देणारा माणूस एक तर मूर्ख किंवा फार पुढचा, आणि मुलगी इतकी हुशार असताना बाप मूर्ख कसा असेल, असा त्यांचा हिशेब. ‘‘थे छापील धडे मलेबी द्या ना,’’ ते म्हणाले. मास्तरांनी परतल्यावर पुठ्ठ्यासकट सगळे पाठवून दिले. यात उदारपणा किती आणि अडगळ काढणे किती, ते त्यांनी तपासले नाही. तपासायची त्यांना सवयच नव्हती.

त्यानंतर ते घरी धड्यांशिवाय खेळू लागले. इंदूबाई प्रत्येक खेळीला ‘काहून’ विचारत आणि मास्तर निम्म्या वेळा खेळी परत घेत. वर्गातही त्यांनी एकदा पाढा म्हणणाऱ्या पोरांना ‘काहून?’ विचारून पाहिले. पोरांनी पाढा थांबवला. मास्तरांनाही उत्तर येत नव्हते, म्हणून त्यांनी पाढा पुढे चालू करून दिला.

उन्हाळ्यात डोमाजी अमरावतीला मास्तरांकडे आले. पट मांडला. पहिल्याच खेळीला त्यांचे प्यादे दोन घरे पुढे आले. मग घोडा, मग उंट, मग राजाला हत्तीआड नेणारा किल्लेकोट. मास्तरांनी पट ओळखला. हा नववा धडा होता. प्रत्येक पायरी त्यांना तोंडपाठ होती. पुढे कुठला उंट हलणार आणि त्याच्यामागे काय उघडे पडणार, हे डोमाजींच्या आधी त्यांना ठाऊक होते. त्यांनी आपला घोडा आणून त्या जागेजवळ बांधून ठेवला. धड्याच्या चित्रात तिथे घोडा नव्हता, म्हणून डोमाजींना तो पटावरही दिसला नाही. उंट हलला. घोड्याने राजाला शह दिला आणि त्याच उडीत वजिरावरही नेम धरला. पुढचे काम पोरानेही केले असते. मास्तरांनी घाम पुसत पुसत केले.

‘‘मात,’’ ते म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला.

चहा घेऊन आलेल्या इंदूबाईंनी पट पाहिला. ‘‘हरवलं खरं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण कोणाले? इवाईले का धड्याले?’’

डोमाजींनी ते ऐकले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘‘बरोबर बोलल्या इहीनबाई. हा डाव धरू नोका. हा मी खेळलोच नाई. मांडा परत, आता खरं खेळतो.’’

मास्तरांनी सोंगट्या मांडल्या. ही सबब त्यांच्या ओळखीची होती. तिच्यावर त्यांनी एक अख्खे वर्ष काढले होते.

दुसरा डाव ते हरले. मात्र दोघांचाही चहा गार होऊन त्यावर साय धरली, इंदूबाईंनी तो परत तापवून आणला, तोही गार झाला, आणि उठताना डोमाजी ‘लाजता काय’ म्हणाले नाहीत. हात झटकत नुसतेच म्हणाले, ‘‘लय दमवलं राजेहो.’’

पुढे कोणी विचारले तर मास्तर सांगत, ‘‘बुद्धिबळात माझ्या नावावर एक विजय आहे. नागपूरच्या एका साप्ताहिकावर.’’